रिकाम्या रकान्यातलं शून्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, पाटोद्याची ती नोकरी मी कंटाळून सोडली.

मी प्रोग्रॅम लिहितो. मेंढरांना लस टोचणाऱ्या एका संस्थेसाठी मोबाईलवर भरायचा फॉर्म केला होता. वस्त्यांवर फिरून तो भरायच्या सुमनताई. भरलेली माहिती डेटाबेसला चालेल अशी बदलून आत धाडायची, हे काम माझ्या कोडचं. ज्या वस्तीवर शून्यापेक्षा जास्त मेंढरं, तिथेच लसवाली गाडी जायची.

एक दिवस ताईंचा फोन आला. एका वस्तीवरचे म्हातारे तात्या मेंढरांचा आकडाच सांगेनात. आमच्याकडे कळप मोजून परक्याला सांगत नाहीत, नजर लागते. मला हे काय नवीन होतं? माझा आजाही सांगायचा नाही. म्हटलं, सोडा रिकामं.

पण रिकाम्या रकान्यावर प्रोग्रॅम अडायला लागला. मग मी काय केलं — एक ओळ घातली. रिकामं दिसलं की शून्य समज. नीट करायला वेळ लागेल असं वाटलं, आणि मला जेवायला जायचं होतं. खरंच, एवढंच.

तात्यांकडे गाडी गेली नाही. पंधरा दिवसांत रोग आला आणि निम्मा कळप मेला.

ऑफिसात विचारणा झाली तेव्हा ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि तरीही — तरीही मी स्क्रीन साहेबांकडे फिरवला. म्हणालो, ताईंनी शून्य भरलंय.

“म्या शून्य कावून भरीन, साहेब? मेंढरं डोळ्यानं पाहिली की!”

ताई माझ्याकडे बघत होत्या. फोनवरचं बोलणं मी आता सांगेन, म्हणून. मी कीबोर्डकडे बघत राहिलो. इतका भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचं काम गेलं. ती ओळ मी त्याच संध्याकाळी गुपचूप सुधारली. वीस मिनिटं लागली.

परवा आठवडी बाजारात ताई दिसल्या. भाजी विकतात आता. मला बघून हसल्या — शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोलून झाल्यावर दोन वांगी वर टाकत म्हणाल्या, “लई इचार केला, सर. माझंच बोट लागलं आसल बघा शून्याला.”

मी म्हणालो, “असेल.” आणि पिशवी घेऊन घरी आलो.