इंजिनाच्या पोटातला वारा

गॅरेजात वाट इतकी बघावी लागते, की किस्से साचणारच! पार्ट येईपर्यंत वाट बघा, इंजिन थंड होईपर्यंत वाट बघा, गिऱ्हाईक घरी विचारून येईपर्यंत वाट बघा. तेवढ्या वेळात माणसं बोलतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गोखिवऱ्यात आम्ही तिघांनी गॅरेज टाकलं, तिथे तर बोलणाऱ्यांना तोटाच नव्हता.

तिघे म्हणजे हरीदादा, इनास आणि मी. मी बागायतीतला, केळी-पानवेलीच्या घरातला. हरीदादा नायगावच्या खाडीकडचा, आमच्यात वयानं मोठा. इंजिनातलं मला जे काही येतं ते त्याच्यामुळे. इनास रविवारी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि सोमवारी सुजलेल्या ओठांनी कामावर यायचा. या दोघांनी मला सांभाळून घेतलं. ते भेटले नसते तर काय, हा विचार मी आजही करत नाही.

आमच्याकडे एक दुखणं फार यायचं. पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जायला एक नळी असते, ब्रीदर. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. आम्ही म्हणायचो, "इंजिन बॅक मारतंय."

*

रघू नावाचा एकजण टेम्पोतून केळी स्टेशनला न्यायचा. एकदा त्याचा टेम्पो ऑईलनं आंघोळ करूनच आला. सील गेलेलं, पॅकिंग गेलेलं, ऑईल मोजायची डिपस्टिक तर वाटेतच कुठेतरी उडालेली!

हरीदादा खाली शिरला आणि हसत बाहेर आला. ब्रीदरच्या नळीत लाकडी बूच ठोकलेलं!

"हे कोनी केलं?"

"मीच," रघू अभिमानानं म्हणाला. "तिथून थेंब थेंब ऑईल गळायचं. कायमचं बंद करून टाकलं!"

हरीदादानं बूच त्याच्या हातावर ठेवलं. "दादूस, नाक दाबलंस, तोंड शिवलंस. आता त्यानं कानातून श्वास घेतला, तर त्याची काय चूक?"

*

नर्मदामावशी फुलांचा धंदा करायच्या. गाडी जुनी, पण लाड असे की विचारू नका. एकदा एअर फिल्टर उघडला तर आत ऑईलच ऑईल. ब्रीदरमधून वर फेकलं जात होतं.

मी डिपस्टिक काढली. खुणेच्या कितीतरी वरपर्यंत ऑईल!

"मावशी, ऑईल कोण घालतं?"

"मी. रोज सकाळी. देवाची फुलं काढली की हिला थोडं."

"पण आधी मोजून तर बघा, हवंय का तिला!"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला माझ्या आईची आठवण झाली. "आमच्या घरी विचारून वाढत नाहीत!"

*

सदाशिव विरार स्टेशनपासून गावांकडे जीपमधून माणसं न्यायचा. सगळं घर त्या एका जीपवर. जीप ऑईल टाकायला लागली, तेव्हा दुसऱ्या गॅरेजात कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. बिचारा आमच्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला. बायकोही बरोबर होती.

इनासच्या मुलीचा वाढदिवस नुकताच झालेला. उरलेले फुगे त्याच्या खिशात. त्यानं ऑईल भरायच्या तोंडावर एक फुगा चढवला आणि इंजिन चालू केलं. फुगा फुगला, आणखी फुगला, आणि फट्ट! सदाशिवची बायको किंचाळली.

हरीदादानं ब्रीदरची नळी काढली. आत चिखल आणि काजळीचा दगड झालेला. तासभर रॉकेलमध्ये भिजवून, तार घालून ती मोकळी केली. मग दुसरा फुगा चढवला. या वेळी तो नुसता मान डोलवत राहिला.

"रिंगा गेल्या असत्या तर नळी मोकळी करूनही फुगला असता," हरीदादा म्हणाला. "इंजिनाला काय झालेलं नाय. जा घरी."

सदाशिवनं तिघांचेही हात धरले, काळे होते तसेच. त्याची बायको मात्र पक्की. पुढच्या सर्व्हिसिंगला नवऱ्याबरोबर आली ती फुग्यांचं पाकीट घेऊनच. "सामान आणलंय! लाल वापरा, शुभ असतो."

*

मग टर्बो आला!

ऐंशीनंतरची गोष्ट. अर्नाळ्याकडचा पास्कल बरीच वर्षं आखातात होता. परत येताना टर्बोवाली गाडी घेऊन आला. आम्ही तशी गाडी कधी पाहिली नव्हती.

"हा टर्बो करतो काय?" मी विचारलं.

"धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो," पास्कल म्हणाला.

"बरं. आणि दुखतं कुठं?" हरीदादानं विचारलं.

हळू चालवली तर गाडी गरीब गाय. ॲक्सिलरेटर दाबला, टर्बो जोरात आला, की मागे निळा धूर, सीलमधून ऑईल आणि डिपस्टिक टक्कन वर. फुगा लावावा, तर उभ्या गाडीत फुगतच नाही! आम्ही दोन दिवस डोकं खाजवत बसलो. ना पुस्तक, ना ओळखीचा कोणी जाणकार. पास्कलला सांगून टाकलं, की बाबा, आम्हाला यातलं कळत नाही.

तो म्हणाला, "कळत नाही असं सांगणारा मला इथे पहिल्यांदाच भेटला. गाडी राहू दे तुमच्याकडेच!"

केवढा विश्वास! त्या वाक्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी इनासनं ब्रीदरच्या नळीतला एक छोटा वॉल्व्ह काढला, पुसला आणि तोंडाला लावून फुंकला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. ट्रम्पेटवाल्याचा श्वास तो!

"हा दोन्ही बाजूंनी बोलतो," तो म्हणाला. "वॉल्व्हनं एकाच बाजूनं बोलायला पाहिजे ना?"

तिघांच्याही डोक्यात एकदम उजेड पडला. टर्बोनं कोंबलेली हवा त्या बिघडलेल्या वॉल्व्हमधून उलटी, थेट ऑईलच्या चेंबरमध्ये घुसत होती! जिथून इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर जायचा, तिथूनच बाहेरचा वारा आत येत होता.

नवा वॉल्व्ह मिळणं अशक्य. मग एका मोडीतल्या गाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकचा वॉल्व्ह काढला. तोही एकाच बाजूनं हवा सोडतो. इनासनं त्यात फुंकून बघितलं, पास केला. मी भोक जुन्या वॉल्व्हइतकंच बारीक ठेवायला आत पितळेची पुंगळी बसवली. ब्रीदरची दुसरी नळी टर्बोच्या तोंडाकडे जायची, तीही साफ करून लावली.

आता ट्रायल. पास्कल चालवायला, हरीदादा शेजारी, इनास आणि मी मागे. गाडी हायवेला लागली. पास्कलनं विचारलं, "दाबू?"

"दाब!"

त्यानं दाबलं. पाठ सीटला चिकटली. इनास मागच्या काचेतून बघत ओरडला, "धूर नाही! पाठीमागे एकदम साफ!" हरीदादानं जन्मात टेम्पोपेक्षा जोरात काही चालवलं नव्हतं. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून तो ओरडला, "थांबव, थांबव! डिपस्टिक जाग्यावर असंल, माझा जीव बाहेर आलाय!"

*

शेवटचा किस्सा पाण्याचा.

खाडीच्या कडेच्या एका गावात मे महिन्यात सगळ्या विहिरी खाऱ्या व्हायच्या. गोड्या पाण्याची एकच, लांबची आणि खोल. तिच्यावर डिझेल पंप होता, त्यानं पाणी गावातल्या टाकीत पडायचं. तो पंप चहूकडून ऑईल टाकायला लागला, आणि इंजिन जाम होईल या भीतीनं पंपावरच्या माणसानं तो बंद केला. गावाला पाणी नाही. निरोप आला तसे आम्ही तिघेही हत्यारं घेऊन निघालो.

विहिरीजवळ बायका रिकामे हंडे घेऊन बसलेल्या. भर दुपारी त्यांच्याकडे बघणं मला फार जड गेलं.

इनास आणि मी सील बघत होतो. हरीदादानं ब्रीदरच्या नळीत तार घातली आणि अलगद एक मातीचा गोळा अख्खा बाहेर ओढला. कुंभारीण माशीचं घर! मे लागायच्या आधी पंप आठवडाभर बंद असताना तिनं नळीत बांधलेलं. हरीदादानं ते गवतात टाकलं, सील बदललं आणि हँडल मारलं. इंजिन खोकललं, लागलं, आणि कुठूनही ऑईलचा थेंब नाही! थोड्या वेळानं टाकीकडून पोरं ओरडत धावत आली. पाणी आलं होतं.

एका म्हाताऱ्या आजीनं पंपाजवळच भरलेल्या पहिल्या हंड्यातलं पाणी आम्हाला तिघांना दिलं. स्वतः प्यायची होती अजून. मी तांब्या परत करायला लागलो, तर तिनं माझा हात मागे सारला.

"काय झालं होतं रं त्याला?" तिनं हरीदादाला विचारलं.

"काय नाय आजी. माशीनं नळीत घर बांधलेलं. काढलं."

आजीनं पदरानं तोंड पुसलं. "आनि तिचं घर कुठं ठेवलंस?"

माझ्याकडून घेतलेला तांब्या खाली ठेवून हरीदादा पंपामागे गेला आणि गवतात गुडघे टेकून शोधायला लागला. इनासनं माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघंही त्याच्या शेजारी बसलो.