कोण म्हणे?

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मस्कतजवळ अल खौदच्या खोलीत माझ्याबरोबर वर्षानुवर्षं राहिलेल्या पोरांनाही नाही. त्यांना वाटतं, मी केस जिंकलो. जिंकलो म्हणजे काय — तेच सांगतो.

तेव्हा सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन नुकतेच आले होते. आमच्या गावाचा ग्रुप निघाला. निम्मी माणसं रत्नागिरीकडे, निम्मी आखातात. एका शुक्रवारी, सुट्टीची बिर्याणी खाऊन आडवा पडलो असताना मी त्यावर लिहिलं — ‘सरपंचबाईंनी नळाची लाइन आधी भावाच्या बागेत नेली म्हणे.’

शेवटचा शब्द बघा. म्हणे. कोण म्हणे?

इथे ओमानमध्ये नगरपालिकेच्या साध्या शिपायाबद्दल चकार शब्द काढायची माझी छाती नव्हती. अर्बाबने, म्हणजे मालकाने, हाक मारली की हातातला चहा टाकून धावायचो. गावच्या बाईवर मात्र मर्द झालो! खोलीतली पोरं हसली, पाठ थोपटली, मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आज किळस येते.

मेसेज तालुकाभर फिरला. सुमनकाकींनी — त्याच सरपंच, आमच्या शेजारच्या वाडीतल्या — माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. माझी तंतरली. रजा काढून गेलो. वकील मेसेज वाचून खूशच झाला. म्हणाला, बाई पदावर आहेत, कारभार पंचायतीचा आहे, लोक बोलणारच. खोटं आहे हे ठाऊक असूनही तुम्ही लिहिलंत, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. कसं करतील? तुमच्या डोक्यात शिरणार आहेत का? शिवाय तुम्ही ‘म्हणे’ लिहिलंय.

आणि माझ्या डोक्यात काय होतं? इथे हात अडखळतो — लाइन आमच्या जागेतून जायची होती. आंब्याची दोन कलमं तुटतील म्हणून माझ्या बाबांनीच नकार दिला. मग काकींनी भावाची मनधरणी करून ती त्याच्या बागेतून काढली. त्याला वेगळा नळसुद्धा दिला नाही. हे बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं — मेसेजच्या आधी. गाव आमच्या नावाने खडे फोडील, म्हणून मी आधीच त्यांच्याकडे बोट दाखवलं.

दावा फेटाळला गेला. कोर्टाच्या पायरीवर काकी माझ्यासाठी थांबल्या होत्या.

‘तुला ठाऊक होतं ना रे?’ त्यांनी एवढंच विचारलं.

‘लोक म्हणत होते, काकी.’

पुढच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहीत. आता लग्नाकार्यात मागे कुठेतरी बसतात आणि जेवून लवकर निघतात. आमच्या दारात रोज सकाळी नळाला पाणी येतं, त्याच लाइनचं. सुट्टीवर गेलो की मीही ते पितो.

लोक काहीच म्हणत नव्हते. म्हणणारा मी एकटाच होतो.