दाजींनी केलेली डब्याची गिटार

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आमचे दाजी भंगाराच्या ढिगापाशी एकदा उकिडवे बसले, की त्यांना उठवणं म्हणजे लग्नात रुसलेल्या मामाला उठवायचं काम. मी आपली मेथीच्या जुड्या घेऊन उन्हात उभी, आन हा माणूस मोडक्या पंख्यांत आन बिनझाकणाच्या कुकरांत हात घालून बसलेला.

“अहो दाजी, उठा की! डोकं तापलं माझं.”

“थांब गं पंचे. एक चीज दिसली हाय.”

चीज कसली, तर मान मोडलेली गिटार. पोटाला भोक, तारा गायब. पण वरच्या टोकाला तारा पिळायच्या चाव्या शाबूत होत्या. दाजींनी एकेक चावी फिरवून बघितली आन त्यांचे डोळे असे चमकले, की विकणाऱ्या चाचांनी लगेच भाव वाढवला असणार.

“चचा, ये तो टूटेली है,” दाजी म्हणले.

“लकडी टूटेली है मियां, चाब्यां तो साबुत हैं ना!”

दाजींना घासाघीस जमत नाय. शेवटी मीच मधे पडले. चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन गपचूप भाव उतरवला. भ्याले असतील.

आता ह्या चाव्या कशाला पाहिजे होत्या, ते आधीपासून सांगते. माझं नाव पंचशीला. दाजी म्हणजे साहेबराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, मालनआक्काचे मालक. भावसिंगपुऱ्यात आमची घरं समोरासमोर. दाजींनी जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त केल्या, आता पेन्शनवर हायत. पण ते झालं पोटासाठी. माणूस खरा गाण्यातला. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात फुलंब्रीपासून कन्नडपर्यंत बोलावणी यायची. दाजी पेटी वाजवत पुढं गायचे, मागं कोरसला आम्ही बाया, आन बायांत आक्का पहिली. पार्टीचा रिवाज असा, की मुख्य गायक पेटीच्या ज्या सुरावर गातो तीच सगळ्यांची पट्टी. दाजींची काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी. आम्हा बायांना ती लई उंच पडायची, मानेच्या शिरा फुगायच्या. दुसऱ्या दिवशी आक्का ज्येष्ठमध चघळत बसायची. घरी भाकरी थापताना मात्र ती वेगळीच गायची, खालच्या आवाजात, पोटातून. आई कामावर जायची तेव्हा आक्कानंच मला न्हाऊ-माखू घालून निजवलं. त्या खालच्या आवाजातच मी लहानाची मोठी झाले.

मागच्या थंडीत आक्काला झटका आला. उजवा हात गेला आन बोलणं गेलं. समजायचं तिला सगळं, पण ‘पाणी’ म्हणायला जायची आन नुसतं ‘आ... आ...’ व्हायचं. एक-दोन महिने तिनं धडपड केली, मग सोडून दिली. भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. नळावर चार-चार बायांना एकटी पुरून उरणारी माझी आक्का! मला बघवायचं नाय. मी चहा ठेवायची, भांडी आपटायची, आन घरी येऊन रडायची.

घाटीच्या दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या सोनिया म्याडम होत्या. त्यांनी दाजींना सांगितलं, “कधीकधी अशा माणसाला बोलता येत नाही, पण गाता येतं. गाण्याच्या मागोमाग शब्दही येतात. पण हे सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका. त्यांना गायला लावा.”

झालं! दाजींनी घरी येऊन पेटी काढली. ते गायचे, आक्का भिंतीकडं. वाद्य तिच्या हातात दिलं तर ती गाईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण पेटीला दोन हात लागतात, एक भात्याला, एक सुरांना. तुणतुणं काखेत धरावं लागतं. एका डाव्या हातानं वाजवायचं तरी काय?

तेवढ्यात प्रणयनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, एक लाकडी डबा आणला. तो हॉटेलात साफसफाईच्या कामावर हाय. कुणी पाहुणा खोलीत रिकामा डबा टाकून गेला होता, सिगारचा.

“काय रे, बापाला बिड्या ठेवायला आणलास का?” मी म्हणलं.

तर त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. परदेशातला कुणी म्हातारा तसल्याच डब्याला दांडी आन तीन तारा लावून, मांडीवर आडवा ठेवून छेडत होता. दाजींनी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की पोराचा डाटा संपला. “पंचे, तिन्ही तारा सा-प-सा लावल्या, तर एका हातानं नुसतं छेडलं तरी सूर भरतोय बघ!”

मग सुरू झाली वणवण. औरंगपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात नव्या सामानाचा भाव ऐकला आन दाजी हात जोडून उलट्या पावली बाहेर आले. आक्काची औषधंच पेन्शन खात होती. म्हणून शहागंजातनं मोडक्या पलंगाची सागवानी पट्टी आणली, तिची दांडी केली. तारा टेकायला घोडी लागते, तिच्या जागी एसटीचा जुना बोल्ट बसवला. तारा म्हणून आधी क्लचच्या वायरचे पदर सोडवून लावले, त्यांचा आवाज असा निघाला की दारातलं कुत्रं उठून गेलं. मग एका गिटारच्या क्लासवाल्यानं पोरांनी काढून टाकलेल्या तारा फुकट दिल्या. बिचारा भला माणूस.

एक दिवस बघते तर दाजी सायकलचे स्पोक तोडून, त्याचे तुकडे दांडीवर आडवे बसवत होते. सूर दाबायच्या पट्ट्या म्हणे.

“दाजी, आक्का एकाच हातानं नुसतं छेडणार. दाबणार कोण? कशाला डोळे फोडताय?”

त्यांनी मान वर केली नाय. “उद्या तिचा उजवा हात चालायला लागला तर?” म्हणले.

तारा पिळायला त्यांनी कडुनिंबाच्या खुंट्या तासल्या. पेटीवर काळी दोन धरून तारा लावल्या आन डबा आक्काच्या मांडीवर ठेवला. आक्का बघत राहिली. डाव्या हाताची बोटं तारांवरून फिरवली. सूर निघाला, खरंच चांगला निघाला! दाजींनी गाणं सुरू केलं. आक्कानं तोंड उघडलं, वर जायला बघितलं, आन आवाज मधेच फाटला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. डबा ढकलून ती भिंतीकडं वळली. दाजी बाहेर जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या उशाशी ठेवलेल्या डब्याच्या तारा उतरलेल्या. “खुंट्या सरकल्या,” दाजी म्हणले, आन पुन्हा पिळून काळी दोनवर आणल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुराचा भरवसा नसला तर ती कशी गाईल, हा एकच घोर त्यांना लागला. खुंट्या काढून हातानं पिळायचे नट-बोल्ट लावले. तरी सकाळी तारा ढिल्या. म्हणून तर छावणीच्या बाजारातली ती मोडकी गिटार.

तिच्या चाव्या बसवल्या तेव्हा दाजींचा जीव भांड्यात पडला. “ह्याच्यात दाते हायत. कुणी पिळल्याबिगर आता हे हलणार नाय.”

आन सकाळी तारा पुन्हा उतरलेल्या!

मी चहा घेऊन गेले तर दाजी माझ्याच अंगावर आले. “पंचे, तू हात लावलास का ह्याला?”

माझं टाळकंच सरकलं. “व्हय, मला दुसरे धंदेच नायत! उन्हातान्हात बाजारात उभी राहिले, भाव करून दिला, वर मीच चोर?”

“मग भुतानं पिळल्या का?”

“तुम्हालाच धड बसवता आल्या नसतील!”

आक्काच्या खाटेपाशीच जुंपली आमची. दाजींनी रागारागात तारा पिळल्या, पेटीवर काळी दोन धरून जुळवल्या, डबा तिच्या मांडीवर ठेवला आन परत माझ्याकडं वळले. मी पण पदर खोचला. तेवढ्यात मागं ‘टंग’ असा आवाज झाला.

बघते तर आक्काचा डावा हात चावीवर. हळूच फिरवत होती. तार खाली खाली येत होती. तिनं छेडून बघितलं, अजून जरा उतरवली, पुन्हा छेडली. मग दुसरी तार. मग तिसरी. तिन्ही अशा जुळवल्या की पेटीची गरज पडली नाय. कान कसला त्या बाईचा! मग तिनं डोळे मिटले, तिन्ही तारा एकदम छेडल्या, आन गायली.

“नीज गं बाई, नीज... दिवा जागा हाय...”

शब्द! अख्खे शब्द! माझ्या हातातला चहा सांडला. मला निजवताना गायची तेच, तसंच, खाली, पोटातून. आवाज थरथरत होता, पण फाटला नाय. मी खाली बसले आन हमसून हमसून रडले. खोटं कशाला सांगू?

गाणं संपल्यावर दाजी म्हणले, “म्हणजे रोज तूच उतरवत होतीस?”

आक्कानं मान हलवली.

“मग सांगायचंस की!” तोंडातून निघून गेलं त्यांच्या, आन लगेच जीभ चावली. तारा आपोआप सरकल्या असत्या तर एक इकडं, एक तिकडं झाली असती. ह्या रोज तिन्ही सुरात उतरलेल्या असणार. जन्मभर सुरात काढलेल्या माणसाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, कारण उतरलेली तार दिसली की ते न छेडताच पिळायला लागायचे.

दाजी खाटेच्या कडेला टेकले. “इतकी वर्षं माझ्या मागं गायलीस, मालन. तेव्हा तर बोलता येत होतं. तेव्हा का नाय म्हणलीस, उंच पडतंय म्हणून?”

मला काय राहवेना. “तुम्ही विचारलं होतं का कधी?” मी म्हणलं.

दाजींनी डोळे पुसले, पेटी जवळ ओढली. एक सूर दाबला, आक्काकडं बघितलं. तिनं मान हलवून नाय म्हणलं. त्याच्या खालचा दाबला. नाय. आणखी खालचा. तिथं आक्कानं तारा छेडल्या, आन पेटी आन डबा एक झाले.

“ही का तुझी पट्टी, मालन?”

“व्हय,” आक्का म्हणली.

गायली नाय, म्हणली. झटका आल्यापासूनचा तिचा पहिला बोललेला शब्द. ऐकून तीच दचकली, डाव्या हातानं तोंड चाचपायला लागली.

दाजींनी तो सूर धरून ठेवला. “परत घे,” म्हणले, “मी कोरसला हाय.” आक्कानं तेच गाणं पुन्हा धरलं आन दाजी तिच्या मागून गायला लागले. तिच्या पट्टीत त्यांचा आवाज पार घोगरा निघत होता, मधेच बुडत होता. मी सांडलेला चहा पुसला, आन बायांच्या जागेवर, आक्काच्या शेजारी जाऊन बसले.