साधेपणाची हमाली

तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून चादरी ओढताना वर्षानुवर्षं पडत गेलेले. पण सगळे तिला 'चटकाताई' म्हणायचे ते काही त्या डागांमुळे नाही, तिच्या तोंडामुळे. एकदा नव्या सुपरवायझरने बायकांना उपदेश केला, "जरा हसतमुखाने काम करत जा." ही हातातली चादर न सोडता म्हणाली, "रक्ताच्या चादरी हसत हसत धुतल्या, तर संध्याकाळी आम्हालाच वॉर्डात भरती करतील." त्यानंतर सुपरवायझर तिच्या वाटेला गेला नाही.

लाँड्रीवर तिचा राग नव्हता. उलट मशीन तिला आवडायच्या. बटण दाबलं की चालू होतात, काम झालं की गप्प बसतात. घरातल्या माणसांचं असं नसतं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

नवरा पार्सल कंपनीच्या कचेरीत होता. माणूस वाईट नव्हता. नुसता शब्दांचा शौकीन. एक दिवस त्याच्या समोरच्या टेबलावरचा सहकारी, ह्याच्याच वयाचा, हातात पेन धरून जो खाली कोसळला तो परत उठलाच नाही. नवरा त्या दिवशी घरी आला तेव्हा पांढराफटक पडला होता. नंतर कितीतरी दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग एका सकाळी त्याने जाहीर केलं, "मी अर्ध्या दिवसाची नोकरी मागून घेतली. आता आपण साधं जगायचं. हे धावणं बंद."

"तुम्ही कुठे धावता? तुम्ही तर बसून असता," ती म्हणाली.

तो दुखावला. तिलाही बोलून गेल्यावर वाईट वाटलं. माणूस घाबरलाय, हे तिला कळत होतं. म्हणून सुरुवातीला ती काहीच बोलली नाही. घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या येणं बंद झालं, तिने जुन्या पडद्यांच्या कापडी पिशव्या शिवल्या. खतासाठी भाजीच्या सालांचा खड्डा झाला, तिने तो झाकायला पत्रा आणून दिला. मागच्या अंगणात त्याने वाफे केले आणि त्यांत पालक आला, तेव्हा तर ती स्वतःहून दोनदा बघून आली.

पण नवऱ्याचा साधेपणा दिवसेंदिवस फुगत चालला. आधी बाजारचा पाव बंद झाला. घरी पाव करायला ओट्यावर आंबवणाची बरणी आली आणि ती तान्ह्या पोरासारखी सकाळ-संध्याकाळ खायला मागू लागली. मग साबण घरी करायचा ठरलं. मग कोंबड्या आल्या. कल्पना सगळ्या नवऱ्याच्या, आणि तो म्हणायचा, "आपण करू." त्या 'आपण'मध्ये कोण कोण येतं ते तिला हळूहळू समजलं. कणीक ती मळायची. साबणाचं पातेलं ती ढवळायची. कोंबड्यांचं खुराडं ती खरवडायची, आणि मग लाँड्रीत जाऊन आठ तास उभी राहायची. नवरा अर्ध्या दिवसाने घरी येऊन वाफ्यांना पाणी घालायचा आणि खुर्ची टाकून त्यांच्याकडे समाधानाने बघत बसायचा.

एका दुपारी ती घरी आली तर न्हाणीघराच्या बाजूची जागा रिकामी होती. फरशीवर धूळ, एक मोजा आणि भिंतीतून लोंबणारी नळी.

"मशीन कुठे गेली?"

"विकली," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अशी चमक, की जणू तिच्यासाठी भेटच आणलीय. "वीज किती खायची ती! कपडे हाताने धुण्यात एक वेगळीच शांतता असते."

"तुम्ही कधी धुतलेत?"

"मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तोच आहे. मी दिवसभर अख्ख्या इस्पितळाचे कपडे धुऊन येते, आणि माझ्या घरातली मशीन मला न विचारता जाते?"

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग विचारायला काय झालं होतं!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण बादलीत लेकीचे शाळेचे कपडे भिजत पडले होते आणि उद्या ते लागणार होते. ती खाली बसली आणि चोळू लागली. प्रत्येक कपडा ती असा आपटत होती, की नवरा उठून पुढच्या खोलीत गेला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सासू-सुनेचं कधीच फारसं सख्य नव्हतं. सासूबाईंच्या मते सून तोंडाळ, आणि सुनेच्या मते सासूबाईंनी मुलाला लाडावून ठेवलेला. दोघींचंही बरोबरच होतं. त्या दिवशी सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "माझी आई अशीच बसायची. तिची पाठ पुढे सरळच झाली नाही. मी मशीन घेतली तेव्हा पहिल्या दिवशी त्या मशीनसमोर स्टूल टाकून बसले होते, नुसती बघत. आणि माझाच मुलगा ती विकून आला."

"मग सांगा ना त्यांना."

"तुझा नवरा आहे, तू सांग," म्हणून त्या आत गेल्या. मदतीला हात काही पुढे आला नाही.

पुढे नवऱ्याने रविवारी माणसं बोलवायला सुरुवात केली. कचेरीतले, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. त्यांना तो अंगण दाखवायचा, मूठभर माती उचलून वास घ्यायला लावायचा. "आम्ही गरजा कमी केल्या," असं म्हणताना आवाज खाली आणायचा. पाहुणे माना डोलवायचे. त्यांच्यासाठी पाव भाजायचा, अंडी उकडायची, नंतर भांड्यांचा ढीग राखेने घासायचा, हे सगळं तिने, पडद्यामागे.

अशाच एका रविवारी एक चष्मेवाली बाई स्वयंपाकघरात डोकावली. चटकाताई ओट्याशी घामाघूम उभी होती. बाई लाडिकपणे म्हणाली, "किती सुंदर जगता हो तुम्ही! मिस्टरांनी केलाय ना हा पाव?"

"त्यांनी खाल्लाय," चटकाताई म्हणाली.

बाई हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. "नाही, पण तुम्हाला किती शांत वाटत असेल ना?"

मग मात्र चटकाताई हात पुसून बाहेरच्या खोलीत आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "ताई विचारतायत, शांत वाटतं का. ह्यांना वाटतं. मी पहाटेपासून उभी आहे. ह्या घरात गरजा कमी झाल्या नाहीत, मशीन कमी झाल्यात, आणि मशीनची सगळी कामं माझ्या अंगावर पडलीत. तुम्हाला असं घर हवं असेल तर आधी एक बायको आणा. ती असेल तर तिला विचारा. चहा हवाय का कुणाला?"

कुणालाच चहा नको होता. पाहुणे चपला शोधू लागले. एकाने जाता जाता अर्धा पाव कागदात गुंडाळून नेला, ते बघून तिला त्याही स्थितीत हसू आलं.

दार लागल्यावर नवरा फुटला. "चारचौघांत माझी लाज काढलीस!"

"काढायला शिल्लक ठेवली होती तुम्ही?"

"मी हे सगळं कुणासाठी करतोय? आपल्यासाठी! तो माझ्यासमोर मेला, माझ्यासमोर! मला तसं मरायचं नाही!"

"मग मला मारताय होय?"

तिने तिथेच सांगून टाकलं, "उद्यापासून ज्याची कल्पना त्याचे हात. माझे आणि पोरीचे कपडे मी लाँड्रीतून धुऊन आणीन, सुपरवायझरला विचारून. तुमचं तुम्ही बघा."

आणि तिने ते पाळलं. आंबवण बरणीतून वर आलं, ओट्यावर सांडलं, वाळून दगड झालं. तिने त्याला हात लावला नाही. घरात बोलणं मिठापुरतं उरलं. नवरा हट्टाने आपले कपडे धुवायचा, पाव भाजायचा. तो पाव चावताना सासूबाईंच्या कवळीचा आवाज सगळ्या घराला ऐकू यायचा. नवऱ्याच्या नाकी नऊ आले होते, पण कबूल करेल तर शपथ.

खुराड्याची घाण मात्र त्याला सोसवत नव्हती. ते काम कुणीतरी करतंय, एवढंच तिला दिसत होतं. त्यानेच सुरुवात केली असेल असं तिला वाटलं, आणि मनातून थोडं बरंही वाटलं. मग एक दिवस लेक शाळेतून आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "मला रिलेच्या टीममधून काढलं."

"का?"

लेक आधी सांगेना. मग रडत रडत सगळं बाहेर आलं. चटकाताई पहाटे कामाला बाहेर पडली, की नवरा लेकीला उठवून खुराडं साफ करायला लावत होता. तिचा सकाळचा पळण्याचा सराव बुडत होता. "बाबा म्हणाले, मैदानात गोल गोल धावून काय मिळतं, हाताने काम शीक. आणि तुला सांगू नको म्हणाले."

ह्या खेपेला ती ओरडली नाही. लाँड्रीच्या मागे ॲम्ब्युलन्स उभ्या राहायच्या. त्यांतल्या एका ड्रायव्हरचं घर गावाबाहेर होतं, मोकळी जागा होती. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि नवरा कचेरीत असताना त्या ड्रायव्हरला बोलावलं. दोघांनी मिळून कोंबड्या टोपल्यांत कोंबल्या. सासूबाई अंगणात आल्या, बघत राहिल्या, आणि एक कोंबडी निसटली तेव्हा म्हातारीने पदर खोचून ती स्वतः पकडून दिली.

नवरा आल्यावर रिकाम्या खुराड्यासमोर उभा राहिला. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

त्याचा हात उगारला गेला नाही, पण मूठ वळलेली तिने पाहिली. "माझ्यावर जेवढा राग काढायचा तेवढा काढा," ती म्हणाली. "पोरीला ह्यात ओढलंत, तर मी तिला घेऊन निघून जाईन. ही धमकी नाही. आधीच सांगून ठेवतेय."

"आणि मीही जाईन तिच्याबरोबर," आतून सासूबाई म्हणाल्या. "मला मऊ पाव खायचाय."

नवरा मटकन पायरीवर बसला. शेवटी लेकीला हाक मारून म्हणाला, "तुझ्या सरांना मी भेटतो. चूक माझी होती म्हणून सांगतो." तो खरंच गेला. सरांनी लेकीला राखीव म्हणून परत घेतलं, पळायला मात्र त्या वर्षी मिळालं नाही. लेक बापाशी कितीतरी दिवस बोलली नाही, आणि चटकाताईने तिला बोल म्हटलं नाही.

हळूहळू अंगण आकसलं. एका माणसाला झेपतील एवढेच वाफे उरले. रविवारची माणसं बंद झाली. पाव पुन्हा बेकरीतून येऊ लागला, कापडी पिशवीतून. सालांचा खड्डा राहिला. तो तिलाही हवा होता, पण नवरा समोर असला की ती तिकडे फिरकायची नाही. त्याला तेवढंही सुख द्यायची तिची तयारी नव्हती. मशीनचा विषय दोघांनीही काढला नाही. तो आपले आणि आईचे कपडे हाताने धूत राहिला, आता शांततेबद्दल एक अक्षर न बोलता. त्याच्या बोटांची सालं निघत होती. एकदा तिने लाँड्रीतल्या मलमाची डबी न्हाणीघरात ठेवली. कुणासाठी ते सांगितलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तो दोरीवर चादर वाळत घालत होता. वेडीवाकडी, अर्धी जमिनीला टेकलेली. शेजारचे निवृत्त तिकीट तपासनीस कुंपणावरून खो खो हसले. "काय वहिनी, मिस्टरांना धोबी केलंत?"

चटकाताई खिडकीत चहा पीत होती. "एवढी वर्षं ह्याच दोरीवर मी कपडे वाळत घालते," ती म्हणाली. "तेव्हा कधी हसला नाहीत ते?"

तपासनीस आत निघून गेले. नवऱ्याने वळून खिडकीकडे पाहिलं. आपली बाजू घेतली असं त्याला वाटलं असावं, कारण तो किंचित हसला. ती हसली नाही. "खालचं टोक मातीत लोळतंय," म्हणाली, आणि उरलेला चहा घेऊन आत गेली.