हुक नसलेलं छत

"उतर! इळी, केळगे इळी! आधी खाली उतर, मग बोल!" शिडीचे दोन्ही पाय धरून आमचे घरमालक अण्णा ओरडत होते. शिडीवर ड्रिल मशीन घेतलेला इलेक्ट्रिशियन. तो बिचारा उतरणार कसा? अण्णा रागाच्या भरात शिडी गदागदा हलवत होते. "माझ्या छताला भोक? बेंगळुरात? पंख्यासाठी?" प्रत्येक प्रश्नाला आवाज एकेक मजला चढत होता. तिसऱ्या प्रश्नाला तो माझ्या खोलीत पोचला आणि मी धावत खाली आलो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं अक्कांनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, अण्णा बँकेत गेल्याची संधी साधून. अण्णा चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तिथे सगळं फिसकटलं.

बेंगळुरूच्या हवेवर अण्णांनी जेवढं प्रेम केलं तेवढं या जगात कुणी लग्नाच्या बायकोवरही केलं नसेल. अक्का याला दुजोरा देतील. घराणं मूळचं निपाणीचं. तरुणपणी नोकरीसाठी इथं आले आणि इथल्या गारव्यावर असे भाळले की बनशंकरीत घर बांधताना गवंड्यानं छतात पंख्याचे हुक सोडायला घेतले, ते यांनी आपल्या हातानं उपटून काढले. "ज्या गावाला पंखा लागत नाही तिथं हुक कशाला?" त्या काळी सगळी गल्लीच अशी होती म्हणे. पुढे शेजाऱ्यांकडे पहिला पंखा लागला, तेव्हा अण्णा सांत्वनाला जाऊन आले. मी नागपूरहून इथं नोकरीला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचं ठरलं, तेव्हा त्यांनी ना माझा पगार विचारला ना खाणंपिणं. टेम्पोतला माझा कूलर तेवढा पाहिला. "हे घेऊन आत येणार? देवळात जाताना कोणी घरचा देव काखेत मारून नेतंय काय ओ?" तो कूलर तेव्हापासून सर्जापूर रोडला माझ्या मित्राच्या बाल्कनीत आहे, आणि त्यात कबुतरांच्या पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत.

एप्रिल महिन्यात हा माणूस सकाळी स्वेटर आणि मफलर घालून फिरायला निघतो. कपाळावरून ओघळ वाहत असतात, पण तो घाम नव्हे; विचारलं तर सांगतात, "दव पडलंय." दुपारी तापलं की संध्याकाळी पाऊस पडायचा, हा या शहराचा जुना शिरस्ता. म्हणून आकाश तव्यासारखं कोरडं असलं तरी चार वाजता छत्री घेऊन फाटकात उभे. "येईल की. न येऊन सांगतो कुणाला?" आणि उन्हाळ्याचा विषय काढायची तर सोयच नाही. "उन्हाळा मारतहळ्ळीपर्यंत आलाय म्हणतात. काचेच्या इमारती बांधल्यात, भोगा म्हणावं. बनशंकरीत अजून यायचाय. ट्रॅफिकमध्ये अडकला असेल."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण अण्णांची एकुलती एक लेक पुण्यात, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अक्कांची दुपटी शिवून तयार. गेल्या उन्हाळ्यात लेक आली ती न्हाणीघराच्या फरशीवर चटई टाकून झोपली आणि ठरल्याच्या आधीच परत गेली. या खेपेला तिनं स्पष्ट कळवलं होतं: खोलीत पंखा नसेल तर मी सासरीच थांबते.

"पुण्याच्या भट्टीत बसेल, पण माहेरच्या गारव्यात येणार नाही!" अण्णा गरजले. "थांबा, आत्ता निकाल लावतो. नागपूरकर, तुम्हीच सांगा तिला. उकाड्यातलं तुम्हाला कळतंय." इलेक्ट्रिशियनला चहा देऊन कोपऱ्यात बसवण्यात आलं. खिडक्यांना ओल्या चादरी लागल्या, अण्णांनी गच्चीवर बादल्या ओतल्या, मला खोलीच्या मधोमध खुर्चीत बसवलं आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला.

"दादा, खरं सांगा. कसं आहे?"

आता मी नागपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. पण अण्णा माझ्याकडे असे बघत होते की खोटं बोलणं भाग होतं. 'झकास गार आहे' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि कपाळावरचा घाम थेट तोंडात गेला.

ती खळखळून हसली. मग वडिलांना म्हणाली, "अप्पा, फोन तुमच्याकडे वळवा बघू."

अण्णांनी वळवला. सदरा अंगाला चिकटलेला, मिशीतून थेंब गळताहेत.

"गच्चीला पाणी घालत होतो. उडालं," अण्णा म्हणाले.

"मला यायचंय हो अप्पा," ती एवढंच म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मला तिथंच यायचंय."

अण्णांनी फोन अक्कांच्या हातात दिला. नाक पुसलं. इलेक्ट्रिशियनकडे वळून खेकसले, "चहा पितोस का रवंथ करतोस? चढ!" आणि स्वतः शिडी धरून उभे राहिले, या वेळी न हलवता. ड्रिल सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सिमेंटची पूड डोक्यावर, खांद्यावर पडत राहिली, झटकली नाही. फक्त मधेच बजावलं, "एकच भोक. बारशाची मंडळी गेली की पंखा उतरवायचा. ऐकलं काय?"

लेक आली. एका दुपारी भाड्याचे पैसे द्यायला खाली गेलो, तर ती पंख्याखाली गाढ झोपलेली. अण्णा पंख्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. समोर पूर्वी गुलमोहर होता, तिथं आता मोटारी लावतात. "या वेळेला इथून वारा यायचा," ते हळूच म्हणाले. मला नव्हे, त्या मोटारींना असावं. पंख्यानं त्यांचे पांढरे केस भुरभुरत होते.

स्वयंपाकघरातून अक्कांनी दबक्या आवाजात विचारलं, "अहो, कितीवर ठेवलाय पंखा?"

"पाचावर," अण्णा म्हणाले.