तरतूद आणि खर्च

"बस खाली. आधी सही करायला शिक, मग सरकारचा हिशेब माग."

साहेब माईकवरून बोलले आणि अख्खा मांडव हसला.

इगतपुरीकडच्या आमच्या पाड्यावर निवडणुकीची सभा होती. साहेब म्हणजे आमचे निवडून आलेले आमदार. त्यांचं नुकतंच सांगून झालं होतं, की या पाड्याच्या नळयोजनेवर सरकारनं बारा लाख रुपये खर्च केले, तरी ह्या लोकांची रड संपत नाही. पाड्यावर एकही नळ नव्हता. मी उभी राहिले, एवढंच विचारलं, "नळ कुठंय, साहेब?"

हसणाऱ्यांत माझा सख्खा चुलता होता. आयनं माझा पदर ओढला. "बस गं. कशाला नादी लागती."

मी बसले. त्या बसण्याची लाज अजून जात नाही.

मी दहावी पास होते. नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला जायचे. माहितीच्या अधिकाराचा कायदा नवाच आला होता. तिथल्या एका बाईनं अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं. जिल्ह्याच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "बजेट? तुला समजणार आहे का?"

कामावर तीन खाडे झाले, तेव्हा बजेटची पुस्तकं हातात आली. बसायला कुणी सांगितलं नाही. खिडकीशी उभ्यानं वाचलं. पहिल्या दिवशी काही म्हणता काही कळेना. वाटलं, साहेब बोलले ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. आमच्या पाड्याचं नाव सापडलं. पुढं लिहिलं होतं, 'तरतूद'. रक्कम साहेबांनी सांगितली तीच. मग नंतरच्या वर्षाचं पुस्तक उघडलं. 'प्रत्यक्ष खर्च' असा रकाना होता. त्यात शून्य. खाली बारीक अक्षरांत टीप: रक्कम विश्रामगृहाच्या दुरुस्तीकडे वळवली.

नुसता ठरवलेला पैसा. तो त्यांनी केलेला खर्च म्हणून आमच्या तोंडावर मारला होता.

ग्रामसभेला साहेब आले. मी त्या पानांच्या नकला घेऊन उभी राहिले. पान, ओळ, आकडा, सगळं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. साहेब माझ्याकडं न बघता कार्यकर्त्याला म्हणाले, "हिला कुणी पढवलं?"

"कुणी नाय. मी वाचलं."

नळ आला नाही. पुढच्याच आठवड्यात चुलत्याला रस्त्याच्या कामावरून काढलं. "तुझ्यापायी झालं," तो म्हणाला. खोटं नव्हतं. त्याच्या घरची चूल माझ्यामुळं अडली, हे मला टोचतं. तरी मी माफी मागितली नाही.

शेजारच्या पाड्यावरच्या दोन बाया आल्या. "आमच्या नावावर काय लिवलंय, बघ ना." सोमवारी मी पुन्हा खाडा टाकला आणि त्यांचा अर्ज घेऊन गेले.

"परत आलीस?" कारकून म्हणाला.

बजेट दरवर्षी होतं. मीही दरवर्षी येणार. ज्याला खर्च सांगायचाय, त्यानं तो आधी करावा.