हलमोनीशी मी कुठल्या भाषेत बोलले?

आधीच सांगते, मी गणिताची बाई. पुण्यात कॉलेजात शिकवत होते, आणि आमच्या घरी अमावास्यासुद्धा कधी कुणी पाळली नाही. अशा गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवून ठेवून आता दमलेय.

२००९ची गोष्ट. आम्ही तेव्हा कॅनडात ओकव्हिलला एका बेसमेंटमध्ये राहत होतो. मंदीत संदीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जॉब गेला होता. मला एका कोरियन ट्यूशन सेंटरमध्ये मॅथ्स शिकवायचं काम मिळालं. बाकी सगळा स्टाफ कोरियन, आणि मी त्यांची ‘फॉरेन टीचर’! कॅनडात येऊन कोरियन लोकांत फॉरेनर... एरवी हसले असते, पण तेव्हा हसायचंही त्राण नव्हतं. उन्हाळ्यात माझं मिसकॅरेज झालं होतं. सुट्टी न वाढवता मी लगेच कामावर गेले. संदीपशिवाय हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात सेंटरच्या मालकीणबाई मिसेस हान यांनी स्टाफची पिकनिक काढली. मिल्टनच्या पुढे एक तळं आहे, भोवती मेपलची झाडं, तिथे. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायचाही कंटाळा आला. मिसेस हाननी आपल्या आईलाही आणलं होतं. सगळे तिला हलमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. नवरा गेल्यावर लेकीने तिला इकडे आणलं होतं. थँक्यूच्या पुढे तिला इंग्रजी येत नव्हतं. माझ्यासाठी तिने बिनमांसाचे किमबाप, म्हणजे भाताचे रोल, वेगळे करून आणले होते.

जेवणं झाल्यावर सगळे ट्रेलवर चालायला निघाले. माझ्यात ताकद नव्हती, मी तळ्याकाठच्या बाकावर बसले. गुडघ्यांमुळे हलमोनीही मागे राहिली. येऊन शेजारी बसली. लख्ख ऊन होतं, वारा पडलेला.

आणि आम्ही बोललो.

मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही, हेच सगळ्यात विचित्र. गावातल्या घराबद्दल ती सांगत होती. मागे पर्सिमनची, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या केशरी फळांची, दोन झाडं, त्यातलं एक वीज पडून अर्धं जळालेलं, तरी दरवर्षी फळं धरणारं. तिला तिथेच मरायचं होतं. लेक एवढ्या मायेने करते, तिला कसं सांगू, म्हणाली. मग मी सांगितलं. म्हटलं, एवढ्या लवकरचं कुणी मोजतही नाही, पण बाळ होतं हो.

“होतंच की,” ती म्हणाली. “मग रड ना, अगं.”

मी रडले. तिने माझा हात धरून ठेवला.

मंडळी परतली, सामान आवरलं. पार्किंगमध्ये मिसेस हाननी मला बाजूला घेतलं. इंग्रजीतच, हलक्या आवाजात म्हणाल्या, “आई सांगत होती, तुमचं बाळ गेलं. मला का नाही सांगितलंत?”

मी म्हटलं, मी फक्त त्यांनाच सांगितलं. मला कोरियन येतं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. स्टाफमधली मिन्जी चालायचा कंटाळा येऊन लवकर परतली होती आणि आमच्या मागच्याच टेबलावर बसली होती. ती म्हणाली, दोघी गप्प होत्या. टीचर रडत होती आणि हलमोनीने हात धरला होता, बस. शब्दसुद्धा ऐकू आला नाही.

हलमोनीचं गुपित बोलावं की नाही कळेना. शेवटी सांगून टाकलं – घर, झाडं, तिला परत जायचंय ते. जळालेल्या झाडाचं ऐकल्यावर मिसेस हान गाडीला टेकल्या. म्हणाल्या, “ते झाड मीसुद्धा विसरले होते.”

माझे शनिवारचे क्लास त्यांनी त्याच आठवड्यात बंद केले, पगार न कापता. थंडी सरल्यावर आईला घेऊन कोरियाला गेल्या. हलमोनी पुढच्याच उन्हाळ्यात वारली, आपल्या घरात. संदीपला ओटावाच्या कनाटा भागात नोकरी लागून आम्ही तिकडे राहायला आलो होतो, तिथे मिसेस हानचा फोन आला.

संदीप म्हणतो, तू थकलेली होतीस, डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. असेल. माझा चेहरा बघून म्हातारीने ओळखलंही असेल. पण ते झाड? मी खूप वेळा मांडून बघितलंय, उत्तर येत नाही. तिचं बोलणं आठवतं ते मराठीतच, त्या ‘अगं’सकट.

पुण्याला आईला दर रविवारी फोन करते. तासभर बोलतो आम्ही, मराठीतच. बाळाचं तिला अजून सांगता आलेलं नाही.